पूर्वपक्षावर दिलेला निकाल

धुळे,
मंगळवार, ता. २२ नोव्हेंबर १९३८

चि. पितांबर यास नानांचे आशीर्वाद.

येथे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. तुझ्या आईचा खोकला गेला, असे तुझी काकू सांगते. थंडी लवकर पडली असून हवा फार कोरडी आहे. जळगावासही तसेच असेल. रात्रपाळीस जाताना कानाला गुंडाळत जा.

तुझे ता. १४ चे पत्र वेळेवर मिळाले. तुझ्या पत्राला मी परत टपालाने उत्तर देतो, या खेपेस आठ दिवस लागले. कारण पुढे येईल.

प्रश्न तू नेटका मांडला आहेस. वीजकंपनी पाच वर्षांच्या करारावर सही मागते आणि त्यासाठी १ डिसेंबर ही मुदत देते. सही केली तर दोन वर्षे पाळी, मग यंत्रांची देखरेख. न केली तर पुण्यास जाऊन इंजिनिअरिंगचा अभ्यास, म्हणजे बी.एस्सी. होऊनही तुझ्याहून चार वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसणे. करार सुरक्षित आहे, पण त्यात पदवीला विचारतो कोण? तुझा मेस्त्री मगन म्हणालाच ना, "बीएस्सीसाहेब, पुस्तकमा झटका लागत नही का?" मी हसलो, पण त्या टोमण्यात तथ्य आहे. पदार्थविज्ञान शिकलेल्याला तारेचा नियम कळतो, तार कळत नाही. उलट इंजिनिअरला तार कळते आणि जगाला तोच लागतो. नुसत्या पदार्थविज्ञानाच्या पदवीधराला आपल्या प्रांतात हायस्कुलातील मास्तरकीखेरीज दुसरी वाट मला दिसत नाही. तेव्हा दोहोंत निवडायचे तर इंजिनिअरिंग, असे मत मी पहिल्या दिवशी लिहूनही काढले होते.

ते पत्र फाडले. तुझ्या पत्राच्या चौथ्या ओळीत तू लिहितोस : "मुंबईच्या सरांनी मला घेतले नाही, तेव्हा संशोधनाची गोष्ट सोडूनच विचारतो." माझे सारे उत्तर या एका वाक्यावर उभे होते, आणि ते वाक्य खरे नाही. तू खोटे लिहिलेस असे नव्हे. ते खरे नाही हे तुला ठाऊक नाही, एवढेच. ते ठाऊक असलेला मनुष्य या घरात एकच होता.

आपल्या घरातील रीत मी घातली. ज्याला काही हवे असेल त्याने आधी त्याच्या विरुद्ध बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, पूर्ण ताकदीने मांडायची, मग आपली, म्हणजे उत्तरपक्ष. बाराव्या वर्षी तुला सायकल हवी होती, तेव्हा सायकलीवरून पडून मेलेल्या माणसांचे वर्णन तू असे केलेस, की आपली बाजू मांडायची वेळ आली तेव्हा तूच म्हणालास, "नाना, राहू द्या, मला भीती वाटते." त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. आज त्या प्रसंगाकडे मी निराळ्या नजरेने पाहतो.

गेल्या जून महिन्यातली ती दुपार तुला आठवत असेल. ओट्यावर बसून तू संशोधनाविरुद्ध बोललास. दोन वर्षे बिनपगारी; घरात आई; त्यातून निघेल ते पाच माणसे वाचतील असा एक निबंध; आणि समोर वीजकंपनीची जागा चालत आलेली. एकही मुद्दा तू दुबळा ठेवला नाहीस. मध्येच इसाक पिंजारी आपल्या दाव्याचे समन्स घेऊन आला आणि दारातच उभा राहून ऐकू लागला. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "हे पोरगं तर स्वतःच्याच उलटी वकिली करून राहिलं! याची फी कोण देणार?" तू हसलास. मी त्याच्या कामाला उठलो. तू म्हणालास, "नाना, उरलेलं संध्याकाळी."

संध्याकाळी मी शिंदखेड्यास जाण्याचे निमित्त काढले. तेथे माझे काम नव्हते.

तुझ्या मुंबईच्या प्राध्यापकांनी तुला नाकारले नाही, पितांबर. त्यांनी मला लिहिले होते. जागा एकच होती. ती तुझ्यासाठी राखली होती. दोन वर्षे घरून आधार मिळेल अशी पालकाची, म्हणजे तुझ्या वडिलांमागे थोरला काका म्हणून माझी, लेखी संमती त्यांना हवी होती. ते पत्र त्या दुपारी माझ्या कोटाच्या खिशात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर पाठवले : "उमेदवाराने दोन्ही बाजूंचा विचार स्वतःच माझ्यासमोर मांडला असून, त्याच्या विवेचनावरून वीजकंपनीची जागाच त्याला हितावह ठरते." खाली तुझेच चार मुद्दे अनुक्रमाने दिले. त्यातील एकेक शब्द मी कोर्टात सिद्ध करून दाखवीन. आणि तरीही ते पत्र आरंभापासून अखेरपर्यंत असत्य आहे, कारण तू बोललास तो पूर्वपक्ष होता हे मला पक्के ठाऊक होते. पुढे महिनाभर तू पोस्टमनची वाट पाहत होतास. मी समोर वर्तमानपत्र वाचत बसत असे.

का केले, हे तू विचारशील. तुझ्या हिताचे कारण मी सांगू शकतो, आणि ते अगदीच निराधार नाही. परंतु खरे कारण त्याच्या आदल्या दिवशी घडले होते. तू स्वयंपाकघरात आईला आपला विषय सांगत होतास. मी बाहेर होतो.

"माय, थंडीमा कापूस हातले चिकटस ना?"

"चिकटस."

"का चिकटस? तेच पाहानं शे माले."

"चिकटस ते चिकटस. तेनाकरता ममईले जानं पडस?"

"हां. तेनाकरताच."

ती हसली. मग म्हणाली, "खरंच, का चिकटत व्हई रे?" जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला तू तीन वाक्यांत प्रश्नापाशी आणून उभे केलेस. मला तू तीच गोष्ट दोनदा सांगितली होतीस, आणि दोन्ही वेळा मी "उपयोग काय?" एवढेच विचारले होते. तुझ्या उत्तरपक्षाला माझ्याजवळ उत्तर नाही, हे त्या क्षणी मला कळले. या ओट्यावर मी तीस वर्षांत वाद हरलेलो नाही. हरण्यापेक्षा मी तो ऐकलाच नाही.

तुझे पत्र आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, प्राध्यापकांना सर्व हकीकत लिहिली. त्यांचे उत्तर काल आले. सोबत जोडले आहे, तू स्वतः वाच. सारांश असा : जागा जुलैत दुसऱ्या विद्यार्थ्यास दिली गेली. कापसाच्या तंतूंवर साठणाऱ्या विजेचा विषयही, तू सोडला असे समजून, त्यालाच दिला. जानेवारीत दुसरी एक जागा निघण्याचा संभव आहे, विषय वेगळा असेल. तू भेटावेस असे त्यांना वाटते. आश्वासन ते देत नाहीत. शेवटी एकच वाक्य आहे : "या वेळी मुलाने स्वतः लिहावे."

दुसरी, तुझ्या आईला सांगितले. वीस वर्षांत ती माझ्याशी समोरासमोर बोललेली नाही. थोरल्या दिराशी बोलायचे ते भिंतीकडे पाहून किंवा तुझ्या काकूमार्फत. त्या दिवशी तिने पदर सारखा केला, माझ्याकडे सरळ पाहिले आणि म्हणाली, "नाना, तुम्हीन मना आंडोरना तोंडवर हात ठेवा." तिच्या मुलाचे तोंड मी दाबले, एवढेच. तिच्या त्या वाक्याचे खंडन करण्याचा प्रयत्न मी इतके दिवस करून पाहिला. ती गुरुवारच्या गाडीने जळगावला येत आहे. तिने मला विचारले नाही, कळवले. स्टेशनवर उतरवून घेण्यास जा.

आता तुझ्यापुढे तीन वाटा आहेत, आणि तिसरी जूनमध्ये होती तेवढी चांगली राहिलेली नाही. जेवढी ती बिघडली तेवढा दोष माझा. तो हिशेब तुझ्या निर्णयात मिसळू नकोस. माझ्यावर रागावून करार नाकारू नकोस, आणि माझी कीव येऊन सहीही करू नकोस. कोणती वाट बरी, हे मी सांगणार नाही. मत आहे, पण ते ऐकण्यासारखे मी ठेवलेले नाही.

या पत्रात मी क्षमा मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात येईल. वडीलधाऱ्याने ती मागितली की देणे धाकट्याला भाग पडते, आणि तुला काही भाग पाडण्याची माझी इच्छा नाही.

यापुढे तुझ्या नावाने कोठेही सही न करणारा,

नाना