हिरवी पुडी आमची, गुलाबी पास्कूची

९ नोव्हें., रविवार
विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. पिण्यास अयोग्य. कारण दिलंय ते जेवताना वाचण्यासारखं नाही. थोडक्यात, मैला.
एलिझाचं लग्न नाताळ झाला की लगेच. आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी ह्याच विहिरीतून बँड लावून काढायचं आणि त्यानेच नवरीला न्हाऊ घालायचं. माझ्या तिन्ही बहिणींचं इथलंच निघालं. आता पोरीला काय मैल्याने न्हाऊ घालू?
आय म्हणते, "जल्मभर ह्याच बावेचं पानी प्याले. मला काय धाड भरली?"
मैला कुणाचा हे सांगायला लॅब कशाला हवी? चुलतभाऊ पास्कूने भिंतीपलीकडे भाडेकरूसाठी नवा संडास बांधलाय. मिसा सुटल्यावर चर्चच्या फाटकात चार माणसांत त्याला सुनावलं. बरं वाटलं. फारच बरं.

११ नोव्हें.
पास्कू बोलत नाही. त्याची बायको मेरी भिंतीवरून केळी द्यायची, तीही बंद. माझी बायको रोझी म्हणाली, "पोरीचं लग्न तोंडावर, आणि तुम्ही भावकीत भांडण लावून आलात. शाब्बास."
कुणावर विसंबायचं नाही. शुद्धीकरण स्वतः केलं. ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकली.

१२ नोव्हें.
अंदाज चुकला. आयचं लाल लुगडं त्या पाण्यात धुतलं, ठिकठिकाणी पांढरं झालं. दिवसभर माझा उद्धार चालू. ओघात बाबांचाही झाला, त्यांना जाऊन वर्षं झाली तरी. प्यायला नळाचं पाणी, तेही दिवसाआड, जपून. रोझी हंड्यावर पहारा देते.

१५ नोव्हें., शनिवार
एलि.ने तोडगा काढला. मैत्रिणीकडून, लॅबमधून, रंगाच्या दोन पुड्या आणल्या. अपाय काही नाही. हिरवी आमच्या संडासात, गुलाबी पास्कूच्या. आमच्या विहिरीत जो रंग उतरेल त्याच्या संडासाची टाकी गळकी. पास्कू लगेच तयार झाला. एवढा तयार बघून मीच म्हणालो, उद्या टाकू या का?
साक्षीला मेरी आमच्याकडे, रोझी त्यांच्याकडे. आमच्या संडासासमोर एवढी माणसं ह्याआधी कधी जमली नव्हती. आयने खुर्ची मागितली.

१७ नोव्हें.
रंग नाही. माझी खात्री आहेच. तरी उगाच कशाला... फ्लशचा नळ बंद केला. टमरेल वापरायचं, तेही अर्धं. आंघोळ बसून, एका बादलीत. भांड्यांचं पाणी थेट केळीला.
रोझी : "वरची टाकी भरून वाहते तेव्हा तुम्ही पेपर वाचत बसता. आज एकदम पाण्याचा पुळका?"
पाणी हेच जीवन, म्हणालो.

१८ नोव्हें.
पलीकडेही तेच! पास्कू भाडेकरूवर ओरडत होता, "एकच लोटा! एकच!" तो बिचारा खोली सोडतो म्हणतोय. दोन्ही घरांनी मिळून जन्मात एवढं पाणी वाचवलं नसेल. कारण मात्र चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

२० नोव्हें., गुरुवार
हिरवं.
दुपारी वाकून बघितलं, ऊन सरळ आत होतं. ताडपत्री आणायला वळलो तोवर आयने पोहरा सोडलासुद्धा. "मेरी गोऽ! आमसं पानी हिरवं झालं!" अख्ख्या आळीला कळलं.
गवंड्याने टाकी उघडली. बाबांनी बांधलेली. तिला तळच नाही. इतकी वर्षं आमचं आम्हीच...
लाज वाटली. फाटकातलं बोलणं आठवून कानशिलं तापली.

२१ नोव्हें.
नवी टाकी, मग विहिरीचा उपसा, मग पुन्हा तपासणी. लग्नाआधी होईल का? गवंडी म्हणतो, "होऊन जाईल." म्हणजे नाही होणार.
एलि. : "पप्पा, गिझरच्या पाण्याने करीन मी. चालेल मला." चालेल म्हणाली आणि आत जाऊन रडली. मी ऐकलं.

२२ नोव्हें., शनिवार
दुपारी पास्कूकडे गेलो. माफी मागितली. चार वाक्यं पाठ केली होती, एकही आठवलं नाही. त्याने हाताला धरून बसवलं.
"इनास, पोर माजी पन हाय. उंबराचं पानी आमस्या बावेतून काढ. बँड आमस्या दारात वाजू दे."
मेरीने केळ्यांची फणी माझ्या मांडीवर ठेवली. माणूस असावा तर असा.
मग विहीर दाखवायला नेलं. ते पंप लावतात, आत कुणी बघत नाही. तोंडावर जाळी, जाळीवर बदामाची पानं. पास्कूने पानं झाडली, जाळी उचलली. "बघ, कशी नितळ हाय. आमी हेच पितो."
वाकलो. ऊन सरळ आत. हिरवं. फिकं, पण आमचंच.
पास्कूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "हाय ना नितळ?" म्हणाला.
"हो," म्हणालो. मेरीने चहा पुढे केला, त्याच पाण्याचा. नाही कसं म्हणणार? संपवला.
घरी येऊन रोझीला सांगितलं. ती ओरडली, "अहो, ते लोक पितात ते! आत्ताच्या आत्ता जा!" पोरीचं पाणी दुसऱ्यांदा गेलं, हे दोघांच्याही मनात.
चपला घातल्यात. एवढं लिहून निघतो. भिंतीपलीकडे पास्कू मोठमोठ्याने फोनवर बँडवाल्याला आपल्या घराची खूण सांगतोय.