कॅलेंडरातली दोन रिकामी घरं

२२ तारीख, सोमवार, दुपार

धाकट्या,

खुशाली मागाहून. आधी हे सांग, आठ दिवसांत माझे अकरा फोन झाले, एकही उचलायला तुझ्या हातांना काय मेंदी लागलीय? तुझ्या बायकोला फोन लावला तर दोन्हीदा म्हणाली, "झोपलेत." सकाळी अकराला झोपलेत! म्हणून हे पत्र. बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, उद्या तुझ्याच हातात द्यायला बजावलंय.

आज औषधवाल्याने मला भर दुकानात उभं केलं. तुझ्या दाजींच्या अंगाला चिकटवायच्या दुखण्याच्या पट्ट्या आणायला गेले होते. म्हणाला, "काकू, नवा कायदा लागू झालाय. वापरलेल्या पट्ट्या परत आणून दिल्या तरच नव्या." मी म्हटलं, "वापरलेली म्हणजे चोथा. चोथ्याला कसला आलाय कायदा?"

"चोथा नाही काकू. काढली तरी आत बरंच औषध शिल्लक असतं. कारखान्यात बनवलेली अफूच समजा, पण अफूहून कितीतरी जहाल. गरज नसलेल्या माणसाने लावली तर झोपेतच श्वास थांबतो."

मी काउंटर धरला.

तुला ठाऊक आहे, डॉक्टरांनी वापरलेली पट्टी दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाका म्हणून सांगितलेलं, पण मी टाकत नाही. तारखा लिहून ठेवायला मी विसरते. म्हणून तीन दिवसांनी काढली की कॅलेंडरात त्या तारखेच्या घरात चिकटवते. तूच हसला होतास, "ताई, कॅलेंडरला मार लागलाय का गं?"

घरी येऊन मोजल्या. एक तारखेपासून आजवर आठ हव्यात, आहेत सहा. दहा आणि तेराचं घर रिकामं. तू नऊला आलास, चौदाला गेलास.

चोर म्हणत नाही तुला. तुला शिव्या लिहायला पेन भरभर चालतं, पुढचं लिहायला चालत नाही. दहाची मीच काढली. तुझी कंबर धरली होती, कण्हत होतास. दाजींना एवढा आराम पडतो, उरलंसुरलं वाया कशाला घालवायचं, म्हणून मीच तुझ्या पाठीवर थापली. सुटू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली. जेवताना तुझी मान ताटात गेली आणि मी म्हटलं, "अरे कुंभकर्णा, तोंडातला घास तरी गिळ!" हसले रे मी. दोघंही हसलो, मी आणि दाजी.

तेराची मात्र मी काढलेली नाही. ती ओरबाडलीय. कागद फाटून खालचा महिना दिसतोय.

औषधवाला म्हणतो, गेलेल्या पट्ट्या कुठे गेल्या ते लिहून सही करा, मग नव्या देतो. दुसऱ्याला दिली असेल तर गुन्हा, फुकट दिली तरी. "हरवल्या" एवढंच लिहायचं होतं. पेन हातात घेतलंसुद्धा. तेवढ्यात तुझी क्रेन डोळ्यांपुढे आली. वर तू पेंगतोयस आणि खाली माणसं काम करतायत. पेन ठेवलं आणि रिकाम्या हाताने घरी आले.

यांना शेवटची पट्टी आज लावलीय. ती गुरुवारी सकाळी संपते, मग यांचं ओरडणं या चार भिंती ऐकतील. अजून सांगितलं नाही. "पांढरी फटक का पडलीस?" विचारत होते. म्हटलं, ऊन लागलं.

अंगावर पट्टी असेल तर हे वाचता वाचता काढ आणि बायकोला घेऊन डॉक्टरकडे जा. एकटा झोपू नकोस. क्रेनवर तर चढूच नकोस.

गुरुवारी दुकान उघडलं की मी लिहून देणार, दहाची मी दिली, माझ्या हाताने. पुढे काय व्हायचं ते होवो. तेराचं तू सांग. ती कुठे गेली, आणि तिच्यानंतर आणखी कुठून आणलीस का? बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत मला फोनवर तुझा आवाज ऐकू आला पाहिजे. तुझ्या बायकोचा नाही, तुझा. नाही आला तर सहा वाजून एक मिनिटाने तुझ्या साहेबाला मी फोन लावते. मग बहीण वैरीण निघाली म्हणायचं नाही.

तुझ्या पाठीवर ती पट्टी थापणारी,
ताई