दोन्ही पाय एकदम

मंगळवार, दिवेलागणीला

परत आले. हवाई दलाच्या पायलटच्या चाचणीत नापास. नुसती नापास असते तर एक वेळ... पण ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तांड्यावर हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. इथली पोरं पोलीस भरतीसाठी चार-चार साल पळतात, म्हणून सगळ्यांचं एकच, "पुढच्या साली दे."

पडद्यावरचा ठिपका मधोमध धरायचा होता. हातात दांडा, पायांखाली दोन पेडल. डावं दाबलं की ठिपका डावीकडं, उजवं दाबलं की उजवीकडं. सोपं होतं. पण ठिपका पळाला, मी घाबरले आणि दोन्ही पाय एकदम दाबले. ट्रॅक्टर थांबवताना क्लच-ब्रेक दाबते तसे. ठिपका पुन्हा पळाला, पुन्हा तेच. काहून? पाय माझेच होते ना?

गोरेगावच्या फाट्यावर जीपमधून उतरले तर बाबा ट्रॅक्टर घेऊन उभे. म्हणाले, "तू चालव." त्यांनीच शिकवलेला. ट्रॅक्टर चालवणारी पोरगी इमान चालवणारच, असं सगळीकडं सांगत फिरले.

वाटेत बोलले, "बाबा, आता पुन्हा बोलवत न्हाईत. कधीच."

ते हसले. "असं कुठं असतंय का? तवर ह्याच्यावर सराव कर."

घर आलं. दोन्ही पाय एकदम दाबले. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

बाबा म्हणाले, "बघ, बराबर जमतंय की!"