बुजलेली भेग

१४ जुलै, अमरावती
आज आईला तेल्हाऱ्याच्या शेतात नेलं. मे महिन्यात बाबांची मूठभर राख मी तिथल्या एका भेगेत सोडली होती. पावसाने भेग बुजली. खूण केली नव्हती. मृदाशास्त्र शिकवतो मी, आणि हे सुचू नये?

"तुह्या बाबाले कुठी ठेवलं?" आईने विचारलं.

मी सांगत सुटलो. कोकणात धो-धो पावसाने दगडातले क्षार वाहून जातात, तांबडी माती उरते, ती अशी भेगाळत नाही. आपल्याकडे पाऊस कमी, क्षार राहतात, म्हणून ही फुगणारी, आकसणारी चिकणमाती.

"मले शिकवू नोको. जागा दाखव."

मी बोट दाखवलं. कुठेतरी. तिने तिथेच वाकून हात जोडले.

एक खूण करायची होती फक्त.

घरी येऊन चपलांना चिकटलेली काळी माती काडीने खरवडत बसलो.