ब्रायनीचं लग्न आणि चार इंजिनं

रविवार, ३ मार्च
ब्रायनीचं लग्न ठरलं. मुलगी माझी, पण बातमी आधी कळली बर्नार्डला. बर्नार्ड म्हणजे माझ्या माजी बायकोचा, मॉरीनचा, सध्याचा नवरा. गालिचे विकतो आणि बोलतोही तसंच, मऊमऊ. शी.

ब्रायनी म्हणाली, बाबा, चर्चमध्ये माझा हात धरून वेदीपर्यंत तूच मला न्यायचंस, बर्नार्ड नाही. म्हटलं, अर्थात! त्यात विचारायचं काय? तर म्हणे, विचारायचं असं की माझ्या पदवीदानाला तू कुठे होतास? काय हे उकरून काढणं. त्या दिवशी गावाजवळच्या हवाई तळावर अमेरिकन बी-५२ बाँबर उतरणार होतं. उतरलं नाही, हा माझा दोष आहे का?

संकल्प: लग्न होईपर्यंत विमानांचं नावसुद्धा काढायचं नाही.

संध्याकाळी. तारीख मात्र आपणच सुचवायची. ऑगस्टचा तिसरा शनिवार. त्या दिवशी दरवर्षी समुद्रकाठी विमानांचा शो असतो आणि तिकडे जाताना अडीचच्या सुमाराला लँकॅस्टर बरोबर आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर वळण घेतं. लँकॅस्टर! महायुद्धातलं बाँबर, चार मर्लिन इंजिनं, उडणारी अख्ख्या जगात दोनच उरलीत. त्यातलं एक माझ्या पोरीच्या डोक्यावरून जाणार. कुठल्या बापाने एवढं केलंय? आणि हे काही नाव काढणं नव्हे. हे नियोजन.

शनिवार, ९ मार्च
तारीख मिळवली. होणारा जावई, टोबी, जुलै म्हणत होता. त्याला गवताची अ‍ॅलर्जी आहे, उन्हाळाभर शिंकत असतो. म्हटलं, ऑगस्टमध्ये शिंका कमी होतील बाबा तुझ्या. बिचाऱ्याने आभार मानले.

पाद्रीणबाईंना दुपारी बाराची वेळ हवी होती. बारा ही काय लग्नाची वेळ आहे? डबा खायची वेळ. अडीच करून घेतली. म्हणाल्या, मिस्टर ट्रँटर, इतका विचार करणारा बाप मी बघितला नाही. स्वतःची स्तुती मला सहन होत नाही.

शनिवार, १ जून
चर्चच्या आवाराची पाहणी. वैताग. दारासमोर एक काळंकुट्ट झाड, त्याने अर्धं आभाळ खाल्लंय. उरलेलं अर्धं मनोऱ्याने. दारात उभं राहिलं तर मध्ये हातभर फट दिसते. मागच्या बाजूला, कुंपणापाशी, सगळं आभाळ मोकळं. पण तिथे लग्न लावत नाहीत. विचारून पाहिलं.

मग म्हटलं, निदान झाडाच्या चार फांद्या तरी उतरवता येतील? पाद्रीणबाई म्हणाल्या, हे झाड आठशे वर्षांचं आहे. म्हटलं, मग पुरे झालं की. त्यांना आवडलं नाही. देवाच्या माणसांना आभाळाची एवढीशी कदर नाही, याला काय म्हणावं!

तिथून हवाई तळाच्या जाळीपाशी गेलो. माझा विमानवेडा मित्र सिरिल नेहमीसारखा खुर्ची टाकून, डोळ्याला दुर्बीण लावून बसलेला. चाळीस वर्षं विमानं बघतोय आणि अजून दुर्बीण लागते. मला कान पुरतात. मर्लिनचा आवाज मी झोपेत ओळखतो. सिरिल म्हणाला, म्हणूनच मॉरीन गेली. कसला घाणेरडा विनोद. चहा न पिता निघालो. म्हणजे अर्धाच पिऊन.

रविवार, १४ जुलै
मॉरीनकडे जेवण. बीफ असं भाजलेलं की बुटाला तळवा म्हणून लावावं. तेही गिळलं असतं, पण वरून स्पिटफायर, महायुद्धातलं लढाऊ विमान, गेलं आणि बर्नार्ड खिडकीतून बघून म्हणाला, वा, छान हेलिकॉप्टर! किळस आली. या माणसाबरोबर एका टेबलावर बसायचं? मी उठून बागेत धावलो. हातात ताट होतं हे लक्षात आलं नाही. ग्रेव्ही गालिच्यावर. बर्नार्ड म्हणाला, काही हरकत नाही हो लेस्ली, दुकानात दुसरा आहे. हा त्याचा चांगुलपणा मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो.

पण खरी भानगड पुढेच. सिरिलच्या बायकोने मॉरीनला दुकानात गाठून सांगितलं होतं की सतरा ऑगस्टला लँकॅस्टर गावावरून जातं. मॉरीनने दोन आणि दोन चार केले. ओरडली, लेस्ली, पोरीचं लग्न तू विमानाच्या टायमावर लावलंस? मी म्हटलं, लग्नाला शोभा यावी म्हणून. ती म्हणाली, शोभा गेली खड्ड्यात, त्या दिवशी मान वर केलीस तर मुरगळून ठेवीन.

ब्रायनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, बाबा, त्या दिवशी माझा हात सोडलास ना, तर पुन्हा धरायला मी देणार नाही.

शब्द दिला. मनापासून दिला. तरी ठरलं काय, तर बर्नार्ड पहिल्या बाकावर कडेला बसणार. का, तर लागला तर असावा म्हणून! मी माणूस आहे की गळकं छप्पर, खाली बादली ठेवायला?

गुरुवार, १५ ऑगस्ट
शोची वेळ जाहीर झाली. लँकॅस्टर येतंय. हिशेब केला. आमच्या गावावर दोन पंचवीसला. लग्न अडीचला. म्हणजे त्या वेळी ब्रायनी आणि मी दारातच उभे. यापेक्षा देवाने माणसासाठी काय करावं?

हात सोडायचा नाही. हात धरूनच बघायचं. फट पुरेल. हात हाताच्या जागी, डोळे डोळ्यांच्या जागी. शब्द कुठे मोडला?

शनिवार, १७ ऑगस्ट
सकाळी. वारा आहे. किरकोळ. मॉरीनने दारातच माझा फोन काढून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये टाकला. कोटाच्या आतल्या खिशातली छोटी दुर्बीणही काढली. या बाईला जन्मात एक विमान ओळखता आलं नाही, दुर्बीण मात्र बरोब्बर ओळखते.

संध्याकाळी. नीट लिहितो, नाहीतर लोक काहीही सांगतील.

ब्रायनी सुंदर दिसत होती. हे मी तिला म्हणालोही. दोन पंचवीसला आम्ही दारात उभे. लँकॅस्टरचा पत्ता नाही. अडीच वाजले, आत ऑर्गन सुरू झाला. म्हटलं, थांब, तुझा पदर, म्हणजे ते मागचं लांब कापड, नीट करतो. केलं. मग म्हटलं, फूल सरकलंय. मग म्हटलं, माझ्या बुटाची नाडी. ऑर्गनवाला पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागला. ब्रायनी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, बाबा, मलाही जड जातंय रे. चल आता. तिचे डोळे भरलेले.

आणि तेवढ्यात आवाज आला. खोल, घुमणारा, चारी इंजिनांचा. मागच्या बाजूने, म्हणजे फटीतून दिसणार नाही अशा बाजूने! मी म्हटलं, एकच मिनिट.

धावलो. कुंपणापाशी पोचलो. आभाळात धूळच धूळ, डोळ्यांत गव्हाचा भुसा गेला, नुसतं पाणी. तरी दिसलं. एक मोठी सावली ढगातून गेली. लँकॅस्टरच. दुसरं काय असणार?

परत आलो तर दारात कुणी नाही. आत ब्रायनी वेदीपाशी उभी, शेजारी टोबी, आणि बर्नार्ड आपल्या जागेवर बसायला परत चाललेला. मी शेवटच्या बाकावर बसलो.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता मॉरीन मान मुरगळणार. तर नाही! तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मॉरीनने! म्हणाली, लेस्ली, तू आतून इतका हळवा आहेस हे मला माहीत नव्हतं. बर्नार्डने रुमाल पुढे केला. माझे डोळे लाल होतेच. मी रुमाल घेतला. माणसं कधीकधी आपल्याला आपोआप समजून घेतात. उशिरा का होईना.

ब्रायनीशी बोलणं झालं नाही. ती फोटोत अडकली होती. नाचायलाही तिने मला बोलावलं नाही. विसरली असेल.

रविवार, १८ ऑगस्ट
फोन परत मिळाला. सिरिलचा मेसेज, काल सकाळचा: वारा फार, लँकॅस्टर हँगरमधून बाहेरच काढणार नाहीत, आज रद्द.

खोटारडा. जळतो माझ्यावर. तडक जाळीपाशी गेलो आणि म्हटलं, मी माझ्या कानांनी ऐकलंय! सिरिलने दुर्बीण खाली केली. म्हणाला, किती वाजता? मी सांगितलं. म्हणाला, माझा मेहुणा चर्चमागच्या शेतात गहू कापत होता तेव्हा. नवीन कम्बाइन हार्वेस्टर घेतलंय त्याने. मोठ्ठं आहे.

मी म्हटलं, कम्बाइन आणि मर्लिनमधला फरक मला कळत नाही काय? सिरिलने थर्मासमधला चहा दिला. पूर्ण प्यायलो.

रविवार, ८ सप्टेंबर
दुपारी ब्रायनी आली. एकटीच. तिच्या आवडीचे केक आणून ठेवले होते. एकही तिने खाल्ला नाही.

मी म्हटलं, त्या दिवशी मला जरा भरून आलं गं. मॉरीन म्हणालीच असेल. ब्रायनी म्हणाली, आईला ते मीच सांगितलं. बर्नार्डलाही. बाबा रडायला लागला, कुणी बघू नये म्हणून मागे गेला, असं म्हटलं मी. सगळ्यांनी तुला नावं ठेवली असती, आणि लग्न माझं होतं.

चहा ओतत बसलो. कपात मावेना तेव्हा थांबलो.

मग तिने विचारलं, आणि रागाने नाही विचारलं, लहानपणी माझ्याबरोबर जाळीपाशी बसून विचारायची तसं विचारलं. म्हणाली, निदान दिसलं का रे तुला?

म्हटलं, हो. अगदी मनोऱ्यावरून गेलं. चारी इंजिनं.

म्हणाली, मग ठीक आहे.