घरच्या ज्वारीचा भाव

हर्सूल

प्रिय आवडा,

फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि तुझी आई तर माझ्या हातातून फोनच काढून घेते, म्हणून हे पत्र. निवांत वाच.

परवा सरकारी पाहणीवाला आला होता. कोणतं घर महिन्याला काय खातं, काय विकत घेतं, ते टॅबवर टिपून नेतो. गाठ पडली तुझ्या आईशी. ज्वारी किती घेता? नाय घेत. दूध? नाय. तूप, तूर? नाय, नाय. बिचारा आमच्याकडं असा बघू लागला, की आता आपल्या डब्यातली पोळी काढून देतो की काय! शेवटी दावणीची म्हैस रेकली तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या बिडकीनच्या रानातली ज्वारी, दारचं दूध, यांचीही किंमत धरायची असते, असं तो समजावू लागला, तर आई भडकलीच. "घरच्या खाण्याला कुणी भाव लावतं व्हय?" म्हणाली.

मग चहा पिताना त्यानं मला सांगितलं, की पैसा दिसतो सारखाच, पण त्यात काय येतं ते गावागणिक, देशागणिक वेगळं. ते ताडून बघायलाच हे भाव लागतात. मला पटलं. शहागंजच्या बाजारात ज्या नोटेत माझी पिशवी भरते, तिच्यात पुण्यात तुझ्या पिशवीचा तळही झाकला जात नाही. नोकरी गेल्यापासून तुझ्या लहानग्या छकुलीला घेऊन तू एकटी तिथं कसं भागवतेस, या विचारानं घास उतरत नाही बघ.

आणि त्यात तू आईला म्हणालीस, घरी राहायला येईन, पण आमच्या दोघींच्या जेवणाचे पैसे दरमहा घेणार असाल तरच. फोन ठेवल्यावर आई रडली.

आता खरं सांगतो. पाहणीवाल्यानं विचारलं, या चुलीवर जेवणारी माणसं किती? घरात आम्ही दोघंच म्हातारे. आई म्हणाली, चौघं. मी तोंड उघडणार, तर तिनं डोळे वटारले. बाकीच्या दोघी कुठं आहेत, असं त्यानं विचारलं, तर "यायल्यात की," म्हणाली. पुढच्या महिन्यात तो राहिलेली माहिती घ्यायला पुन्हा येणार आहे. पैशाचं नाव काढू नकोस, निघून ये. तुझ्या आईला सरकारपुढं खोटं पाडू नकोस.

तुझाच,
नाना