एकाच कनेक्शनवर दोघांचं रक्त

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. आमचा सीनियर विजयभाऊ जिला 'छोटीशी मिस्टेक' म्हणतो, तिच्यापायी आज निंबोला गावची एक बाई गेली असती.

बुधवारा भागातली लॅब आणि दवाखाना, दोन्हींचं सॉफ्टवेअर आम्ही जोडतोय. सुरुवातीलाच मी त्याला बजावलं होतं, या तयार कोडच्या लायब्ररीत एका कनेक्शनवर दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकदम शिरले तर एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं, प्रत्येकाला वेगळं कनेक्शन द्या. तर म्हणे, "अगं, फालतू डरतेस तू. चल रहा है ना? चलने दे!"

आज दोन रिपोर्ट एकदम मागवले गेले. बाईचा रक्तगट बी, तिच्या नावापुढे आला दुसऱ्याच कुणाचा ए. ती ऑपरेशनच्या टेबलावर. रक्त चढवण्याआधी नमुना पुन्हा जुळवला, म्हणून वाचली.

आणि हा? डॉक्टरांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणतो, "नवीन पोरगी आहे साहेब, गडबड केली तिनं." नवीन पोरगी! याचं निम्मं काम मीच निस्तरते.

मी सरळ म्हटलं, "डॉक्टरसाहेब, दोष अजून तसाच आहे. मी आत्ता सर्व्हर बंद करते."

"हात लावू नको!" विजयभाऊ ओरडला.

मी बंद केला. नोकरी जाईल बहुतेक. पण बाईचं नावही न विचारता त्यानं खापर फोडलं ते नवीन पोरीवर.

त्याचे फोन येताहेत. सर्व्हरचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. वेगळी कनेक्शनं झाल्याशिवाय देणार नाही.